दादाच्या हातमोज्यातली बुरशी

मी, बुरशीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, अविवाहित, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुढचे वाचल्यावर तो लागेल.

१. राहते घर वहिनीचे. पुतण्याने विकण्याचा विषय काढू नये.

२. सूक्ष्मदर्शक माझ्या जागी आलेल्या बाईंना. भिंगावर फुंकर मारण्याची खोड त्यांनी सोडावी.

३. विभागप्रमुखांना काहीही नाही. कारण पुढे येते.

४. दादा डोंगरावरच्या हवामान केंद्रावर गेला आणि बर्फात हरवला. सापडला तो फक्त हातमोजा. त्यावरची पांढरी बुरशी मी वाढवली. उबेत वाढलेल्या बुरशीची चरबी मेणासारखी घट्ट होते. थंडीत ती स्वतः आखडू नये म्हणून पातळ, न गोठणारे तेल बनवते. आयुष्यभर मी हेच पाहिले. ही मात्र प्रयोगशाळेच्या उबदार कपाटातही थंडीतलेच तेल देत राहिली.

"बाई, तुमचं थर्मामीटर बिघडलंय," प्रमुख म्हणाले. मी थर्मामीटर बदलले, कपाट बदलले. "मग तुम्हीच बिघडलाय," असे ते भर बैठकीत म्हणाले आणि सगळे हसले.

घरी वहिनीला सांगितले, तर ती भांडी पुसता पुसता एवढेच म्हणाली, "म्हणजे ते अजून बर्फातच आहेत."

निवृत्तीनंतर ते कपाट मी घरी आणले. या हिवाळ्यात, तेवढ्याच उबेत, तेल पहिल्यांदा मेणासारखे घट्ट झाले. बशी तिरकी केली तरी हलेना. वहिनीला कसे सांगावे या विचारात होते, तोच तीच दारात आली.

"वन्सं, जरा यांच्या खुर्चीवर हात ठेवून बघा."

मी ठेवला. गादी दबलेली होती आणि ऊब होती. आम्ही दोघीही त्या खुर्चीवर कधी बसत नाही.

५. माझ्यामागे बुरशी जाळावी असे आधी ठरवले होते. ते रद्द. कपाट चालू ठेवावे. वहिनी एकटी पडली म्हणून तिला कोणी न्यायला येऊ नये. या घरात माझ्यामागे दोन माणसे राहतील.

सही: धाकटी

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
शेजारचे चष्मेवाले
कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: थंडी सरण्याआधीचा रविवार