ग्रंथ चुकून संपला त्याची गोष्ट

अँटवर्प
वल्हांडणाचा सण आटोपल्यानंतरचा मंगळवार

प्रिय गितेल आत्या,

एकशेवीस वर्षं जगशील (आणि एकशेविसाव्या वर्षीही मला नावं ठेवशील) अशा तुला तुझ्या थोरल्या भाच्याचा, नुखेमचा, आदरपूर्वक नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मँचेस्टरचा पाऊस त्याला मानवत नाही, हे तू गेली चाळीस वर्षं सांगतेस आणि तिथून हलत मात्र नाहीस. इकडे ब्लीमा बरी आहे, मुली आपापल्या घरी बऱ्या आहेत, आणि मीही देवाच्या कृपेने दात सोडले तर बरा आहे. बाबा तर उत्तमच आहेत. इतके उत्तम की हे सगळं पत्र त्यांच्यावरूनच लिहायला बसलोय, पण मुद्द्यावर यायला वेळ लागेल. मला कुठेही पोचायला वेळ लागतो हे तुला नव्याने सांगायला नको.

बाबा दर शुक्रवारी तुला फोन करतात, तेव्हा माझ्या आयुष्याची त्यांची बाजू तुझ्या कानावर गेलेलीच आहे. माझी बाजू अशी. स्वित्झर्लंडच्या पाठशाळेतून मला काढलं नव्हतं, मुख्य गुरुजींनी बाबांना फक्त एवढंच कळवलं की मुलाचं डोकं चांगलं आहे, पण ते नेहमी दुसऱ्याच्या ताटात असतं. मग मी गेंटला इंजिनियर व्हायला गेलो आणि पूल का पडतात हा भाग येण्याआधीच पडलो. मग चष्मे करायला शिकलो. तिथे माझ्या हातचा चष्मा घालून एक बाई दुसऱ्याच नवऱ्याच्या हाताला धरून दुकानाबाहेर पडली, असं मालक म्हणायचा (मी स्वतः पाहिलं नाही, माझाही चष्मा मीच केला होता). मग हिरे घासायच्या कारखान्यात गेलो, मग बायकांच्या टोपांच्या दुकानात. मग दुधावर देखरेख करायची नोकरी धरली. आपल्या यहुदी लोकांच्या दुधात गाईखेरीज कशाचंही दूध पडू नये म्हणून पहाटे गोठ्यात बादली उपडी घालून बसायचं आणि धारा काढणाऱ्याकडे बघत राहायचं, एवढंच काम. तो फ्लेमिश शेतकरी पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, माझ्याकडे डुकरीण नाही. असती तरी तिच्या धारा काढायला तुम्हालाच बसवलं असतं." तिसऱ्या आठवड्यात मला बसल्याबसल्या डुलकी लागली आणि गाईने लाथ मारून जागं केलं. दोघांपैकी देखरेख कोण करतंय याबद्दल त्याच्या मनात शंका आली ती आलीच. सध्या मी मुलींच्या शाळेत अर्धा दिवस गणित शिकवतो आणि उरलेला अर्धा दिवस मासळीच्या दुकानात हिशेब बघतो. दोन्हीकडे माझ्याबद्दल सारखंच मत आहे.

पण आत्या, या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मी कधी सोडली नाही, आणि ती म्हणजे तालमूदचा, आपल्या त्या कैक खंडांच्या धर्मशास्त्राचा, अभ्यास. पाठशाळेतून निघताना जो एक खंड काखेत मारून आणला तो गोठ्यातही माझ्याबरोबर होता. (त्याला अजून दुधाचा वास येतो.) अडचण एवढीच की प्रत्येक नव्या नोकरीबरोबर मी नव्या जोमाने पहिल्या पानापासून सुरुवात करायचो. मधेच कुठून तरी उचलणं बरं दिसत नाही. त्यामुळे माझ्या खंडाची पहिली पानं चिंध्या झालेली आणि शेवटची पानं छापखान्यातून आली तशी कोरी करकरीत. शेजाऱ्याच्या बैलाने शिंग मारलं तर काय, यावर मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं. पण ग्रंथ पुढे कुठे जातो हे मला गावातल्या चर्चच्या पाद्र्याइतकंच ठाऊक होतं.

आता बाबांचं. तू शेंडेफळ, तुला या उपासाची झळ कधी लागली नाही, म्हणून सांगतो. मिसरात देवाने घरोघरचे थोरले मारले तेव्हा आपले थोरले मुलगे वाचले, म्हणून घरोघरच्या थोरल्याने वल्हांडणाच्या आदल्या दिवशी उपास करायचा. पण आपल्या पूर्वजांनी पळवाट ठेवलेली आहे. त्या सकाळी कोणी तालमूदचा एखादा खंड पुरा केला, तर तो आनंदाचा प्रसंग, आणि आनंदाच्या प्रसंगी हजर असलेल्याने खायलाच हवं. त्यामुळे त्या दिवशी सिनेगॉगमध्ये एक विद्वान शेवटच्या ओळी वाचतो आणि बाकीचे थोरले केककडे बघत त्याचं विवरण ऐकतात. बाबा थोरले, मी थोरला. वर्षानुवर्षं आम्ही दोघे दुसऱ्यांच्या विद्वत्तेवर जेवत आलो. पण आई गेली, बाबा वृद्धाश्रमात राहायला गेले आणि त्यांनी एकाएकी जाहीर केलं, "लोकांची पोरं खूप ऐकली. आता माझ्या पोराने खंड संपवला तर खाईन, नाहीतर उपास." वय एक्याण्णव, त्यात साखरेचा आजार! मी पाया पडलो, ब्लीमा रडली, डॉक्टर ओरडले. बाबा ढिम्म. दर वर्षी त्या दिवशी दुपारी त्यांना भेटायला जावं तर खुर्चीत डोळे मिटून बसलेले, आवाज खोल गेलेला. "काही नाही रे, जरा गरगरतंय. तू कितव्या पानावर आहेस?" मी पान सांगायचो आणि ते असा सुस्कारा सोडायचे की शेजारची म्हातारी पाणी घेऊन धावायची. आत्या, ते सुस्कारे मी वर्षभर ऐकायचो. मासळीच्या दुकानात, वर्गात, जेवताना. माझ्या आळसापायी माझा बाप उपाशी मरणार हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या पानाकडे परत न जाता पुढे पुढे जात राहिलो.

आणि यंदा पोचलो! वल्हांडणाला आठवडा होता आणि माझ्या फक्त शेवटच्या ओळी उरल्या होत्या. त्या मुद्दाम राखून ठेवायच्या असतात, त्या सकाळी सगळ्यांसमोर संपवायला. मी बाबांना कळवलं, सिनेगॉगमध्ये नाव दिलं, ब्लीमाने केक सांगितले. आणि रविवारी माझा मेहुणा लाझर शिडी परत करायला आला.

लाझर तुला माहीत आहे. ब्लीमाचा भाऊ, सहा खंड संपवलेला, आणि सातवा चालू असल्याचं भेटेल त्याला सांगणारा. घरात सणाची सफाई चाललेली, सणात घरात पावाचा कणही चालत नाही म्हणून ब्लीमा माझ्या कोटाचे खिसे उलटे करत होती, आणि मी त्या कामातून सुटायला खंड उघडून बसलो होतो. (नुसता उघडून. वाचत नव्हतो.) लाझर शिडीला टेकून म्हणाला, "काय नुखेम, शेवटाला आलास म्हणे? शेवटी काय आहे ते तरी ठाऊक आहे का, की त्या दिवशी केकबरोबरच कळणार?"

आत्या, इथे शहाण्याने हसून चहा टाकला असता. मी म्हणालो, "ठाऊक आहे!" तो म्हणाला, "सांग की मग." आणि मी सांगितलं. सुतार काम करतो तेव्हा खाली पडणारा भुसा आणि छिलके कोणाचे, सुताराचे की लाकडाच्या मालकाचे, यावरच्या त्या ओळी. मी उभा राहिलो. हातवारे केले. भुसा सुताराचा, तशी हिऱ्याच्या कारखान्यात मी झाडलेली धूळ माझी, असं उदाहरण दिलं. ब्लीमा कोट हातात घेऊन ऐकत राहिली (लग्नानंतर प्रथमच). एक एक ओळ वाचून, फोडून, पटवून मी शेवटच्या शब्दापर्यंत आलो आणि टेबलावर मूठ आपटली. लाझरने शिडी भिंतीला लावली आणि म्हणाला, "अभिनंदन. संपवलास की रे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जो खंड मी चाळीस वर्षं संपवू शकलो नव्हतो, तो एका टोमण्यापायी आठवडाभर आधी संपवून बसलो होतो. आता त्या सकाळी काय संपवणार? इतर थोरल्यांची सोय होती, रब्बींचा मदतनीस दर वर्षी एखादा छोटा खंड हाताशी ठेवतोच. पण बाबांना दुसऱ्याचा चालत नव्हता. आणि माझ्या वेगाने आठवड्यात दुसरा खंड म्हणजे गोगलगाईने ब्रसेल्स गाठण्यासारखंच. मी टोपी घातली, लाझरला दंडाला धरलं आणि रब्बी मेशुलमकडे गेलो.

रब्बींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संपवलं ते संपवलं. मात्र एक आहे. चुकीचं समजून वाचलं असेल, तर ते वाचलं म्हणता येणार नाही. मग त्या ओळी अजून बाकीच आहेत." आत्या, मला वाटलं सुटलो! माझी सगळी हयात ज्या गुणावर उभी आहे तोच कामाला येणार होता. आणि साक्षीदार कोण, तर मला काही कळत नाही हे लग्नाच्या मांडवापासून सांगत आलेला लाझर. रब्बींनी त्याला विचारलं, "कसं केलं याने विवरण?"

लाझरने दाढीवरून हात फिरवला. "रब्बी, खोटं कशाला बोलू? फार सुंदर. इतकं स्वच्छ मी या गल्लीत कोणाकडून ऐकलं नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. खोडसाळपणा असता तर एक वेळ परवडलं असतं, पण गाढव मनापासून बोलत होतं. "अरे, तूच म्हणतोस ना मला अक्कल नाही!" मी ओरडलो. "म्हणायचो," तो म्हणाला, "पण मघाशी ऐकलं आणि चूक कळली." मी रब्बींना म्हणालो, "रब्बी, मी मूर्ख आहे, कोणालाही विचारा, माझ्या बायकोला विचारा!" लाझर म्हणाला, "हा नम्रपणा बघा. विद्वान माणसाचं लक्षण." मी त्याला मारायचंच काय ते बाकी ठेवलं.

रब्बी म्हणाले, "पुन्हा करून दाखव." आता मुद्दाम चुकायचं, एवढंच करायचं होतं. बाप उपाशी राहणार होता, दुसरं काही मनात यायला नको होतं. पण लाझर समोर कौतुकाने बघत उभा! त्याच्यासमोर मुद्दाम चुकणं माझ्याने होईना. मी मघापेक्षाही चांगलं केलं. धूळ, भुसा, हिरा, सुतार, सगळं. करता करता डोळ्यांत पाणी आलं, कारण प्रत्येक बरोबर शब्दागणिक बाबांच्या तोंडचा घास मागे जात होता.

रब्बींनी कपाटातून तोच खंड काढून समोर उघडला. मग त्यांनी विचारलं, "तुझा हा सुतार बसलाय कुठे?" मी म्हणालो, "दुकानात." "कोणाच्या?" "त्याच्याच की." रब्बींनी खंड माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सुतार मालकाच्या घरी बसून काम करत असेल, तर भुसासुद्धा मालकाचा. ही ओळ मी दोन्ही वेळा गिळली होती. आणि माझं हिऱ्याच्या धुळीचं सगळं उदाहरण उलटं होतं, कारण कारखाना मालकाचा, मी नुसता झाडूवाला. "चूक," रब्बी म्हणाले, "अगदी मुळापासून चूक. जा, तुझा खंड संपलेला नाही." मी त्यांचे हात धरले. आणि लाझर? त्यालाही ती ओळ दिसली नव्हती. तो रस्ताभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की दाराशी पोचल्यावर मी त्याला शिडी पुन्हा नेऊ दिली.

त्या सकाळी बाबांना चाकांच्या खुर्चीतून आणलं, पहिल्या रांगेत. मी वाचलं, सुताराला या वेळी मालकाच्या अंगणात बसवलं, आणि संपवलं. आवाज दोनदा फुटला, कबूल करतो. सगळे थोरले केकवर तुटून पडले. बाबांनी दोन तुकडे खाल्ले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "केक कोरडा आहे." मग माझा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. आत्या, मी आयुष्यात जे काही सुरू केलं आणि सोडलं, त्या सगळ्याचं त्या क्षणी मला काही वाटेनासं झालं.

गुडघ्याला जप. ब्लीमाचा नमस्कार.

तुझा,
नुखेम

ता. क. लाझरने सातवा खंड पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केला आहे. कारण सांगत नाही.

ता. क. पुन्हा एकदा. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. सणानंतर बाबांचे कपडे घ्यायला आश्रमात गेलो, तर तिथली परिचारिका ग्रीट सहज म्हणाली, "त्या दिवशी केक जास्त झाला वाटतं त्यांना? सकाळची लापशी तर वाटीभर संपवून गेले होते." मी म्हटलं, त्या दिवशी? उपासाला? ती म्हणाली, "छे, उपास कसला! आल्यापासून दर वर्षी त्या दिवशी सातला लापशी, वर उकडलेलं अंडं. रब्बींनी परवानगीच दिलेली आहे ना त्यांना. मात्र तुम्ही दुपारी यायच्या आधी मला वाटी लपवायला लावतात." मी जिन्यावर बसून किती वेळ हसलो आणि मग हसता हसता काय झालं, ते लिहीत नाही.

तुलाही हे ठाऊक होतं, आत्या. शुक्रवारचे ते फोन! नाही म्हणू नकोस, मला तुझं हसू इथपर्यंत ऐकू येतंय. तेव्हा एकच विनंती. मला कळलंय हे बाबांना कधीही सांगू नकोस. परवाच त्यांनी खोल आवाजात विचारलं, पुढचा खंड कोणता, आणि मी पहिलं पान उघडलं आहे. पुढच्या वल्हांडणालाही त्यांनी असंच उपाशी राहावं, दुसरं मला काही नको.