पहिल्यालाच मेल

३ जून
दादाचं उत्तर आलं — "येतो." ताईचं नाही. आठवडा झाला! माझं रजिस्टर लग्न तोंडावर आलंय आणि साक्षीदार म्हणून सही तिचीच हवी, हा माझा हट्ट. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आणि मी विचारलं कसं? दादाला आणि तिला मिळून एकच मेल. तीसुद्धा "उद्या पहाटे पाठवा" असं करून — म्हणजे मेल जाताना मी अंथरुणात घोरत असेन. केवढा शूर!

५ जून
होणारी बायको म्हणते, फोन कर. मी का करू? मोठी ती आहे.

९ जून
आमच्या ऑफिसात बनवलेल्या मेलच्या ॲपमध्ये घोळ सापडला. घरच्या मेलही मी त्यातूनच पाठवतो. टेस्टिंगच्या बाईंनी शोधला — पाठीमागे आम्ही त्यांना चाळणी म्हणतो. लगेच पाठवायच्या मेलचे पत्ते कोडमध्ये एका जागी वाचले जातात, उशिरा पाठवायच्या मेलचे दुसऱ्याच जागी. पहिल्या जागी सगळ्यांना मेल जाते. दुसऱ्या जागी फक्त पहिल्या पत्त्याला, बाकीचे वाऱ्यावर. वर "पाठवलेल्या"त नावं मात्र सगळ्यांची दिसतात!

हे कोणी लिहिलंय, असं साहेबांनी विचारलं. सगळ्यांबरोबर मीही इकडेतिकडे पाहिलं. मग चाळणीबाईंनी स्क्रीनवर माझं नाव दाखवलं.

जेवताना घास हातातच राहिला. दादाचा पत्ता पहिला, ताईचा दुसरा. म्हणजे तिला मेल गेलीच नाही! ती रागावलेली नाही! स्वतःची चूक सापडल्यावर इतका खूश झालेला माणूस आमच्या ऑफिसने पाहिला नसेल. साहेबांना वाटलं, मला काही लाज नाही.

१० जून
पत्ते वाचायचं काम एकाच जागी आणलं. चाळणीतून पास झालं. लगेच ताईला नवी मेल लिहायला घेतली. चार ओळींत तीनदा "तांत्रिक अडचण". बाई मागे उभ्या होत्या, कळलंच नाही.

"सख्खी बहीण ना? मग फोन बिघडलाय का तुमचा?"

मेल तशीच ठेवली. घरी आलो. आज उशीर झाला, उद्या बघू.

११ जून
केला फोन. तांत्रिक अडचण अथपासून इतिपर्यंत सांगितली. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"दादानं त्याच दिवशी मेल वाचून दाखवली मला. मी रजासुद्धा टाकलीये. तू तोंडानं कधी विचारतोस, तेवढंच बघत होते."

विचारलं.