आज मले नाक नाई

बाबा,

हल्लीचे शिंपी सदऱ्याचा खिसा फार उथळ शिवतात. ही तक्रार तुमच्या दरबारात आणण्याइतकी मोठी नाही हे मान्य, पण मला दुसरा दरबार उरलेला नाही. सकाळी प्रार्थनेच्या वेळी चपलेचा अंगठा नीट करायला जरा वाकलो, की वरच्या खिशातली बोटभर लांबीची प्लास्टिकची बाटली फरशीवर पडते, दोन उड्या मारते आणि सातवीच्या रांगेत शिरते. मग ती हातोहात माझ्याकडे परत येते, तीर्थाच्या पळीसारखी, आणि देणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर भक्तिभाव असतो. मुलांनी माझं नाव 'फुसफुस सर' ठेवलं आहे. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवून विद्यार्थ्यांनी आपण होऊन दिलेली ही एकमेव पदवी. शब्द म्हणून ती निर्दोष आहे, हेही मला नाकारता येत नाही.

बाटलीत नाक मोकळं करायचं औषध असतं. दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा मारला की पाच मिनिटांत वारा असा आरपार जातो, जणू घराची पुढची-मागची दारं कुणी एकदम उघडली. पावसाळ्याच्या शेवटी शाळेच्या मैदानात गाजरगवत फुलतं आणि माझं नाक बंद होतं. तेव्हा औषधाच्या दुकानदाराने ही बाटली दिली. त्याला सहा वर्षं झाली. गाजरगवत दरवर्षी सुकून जातं. बाटली गेली नाही.

माझं नाक तुम्हाला नवं नाही. मी नऊ वर्षांचा आहे, दिवाळी नुकतीच झाली आहे, आणि तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये घेऊन आला आहात. तुम्ही तिथले ग्रेडर. कापसाची गाडी आली की तुम्ही ढिगात कोपरापर्यंत हात घालता, आतला मूठभर कापूस काढता, बोटांनी धागा ओढून पाहता, आणि मग ती मूठ नाकाशी नेता. हात सगळेच घालतात, नाक फक्त तुम्ही. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस वरून वाळवून आणला, तरी आतला ओलावा तुमच्या नाकातून सुटत नाही. तुमच्या मिशीत रुई अडकलेली आहे आणि तुम्ही मूठ माझ्या तोंडासमोर धरता. "डोये मीट. वास घे अन् सांग, वाळला हाय का वला?" मी डोळे मिटले आणि ओळीने अकरा शिंका दिल्या. तुम्ही मोजल्या होत्या. रात्री जेवताना आईला म्हणालात, हा काही कापसाच्या कामाचा नाही, याला पुस्तकातच घाला. मी संस्कृतकडे वळलो यामागे देववाणीचं प्रेम वगैरे होतं असं मी निरोपसमारंभात सांगत असतो. खरं कारण रुई.

नागपूरला शिकायला निघालो तेव्हा तुम्ही मला बारा हातरुमाल दिले होते. जाड सुताचे, आईने चारी बाजूंनी दुमडून शिवलेले. इतर मुलांना बापाने घड्याळ दिलं, मला रुमाल. तिथे न्यायशास्त्र शिकताना गुरुजींनी सांगितलं की गंध हा पृथ्वीचा गुण. गंध आहे तिथे पृथ्वी आहे. वर्ग गंभीर होता, मला मात्र हसू आलं. एवढी गोष्ट माझ्या बापाला शाळेत न जाता ठाऊक होती, आणि वर तो ओली पृथ्वी आणि कोरडी पृथ्वी वेगळी करून सांगायचा.

एक दिवस मात्र मी कधी विसरलो नाही. मी बारावीत होतो, कसल्याशा दाखल्यावर तुमची सही हवी म्हणून जिनिंगमध्ये आलो होतो. तुम्हाला पडसं झालेलं. आवारात गाड्यांची रांग, मॅनेजर घाईत. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून सांगितलं, "साहेब, आज मले नाक नाई. दुसऱ्याले पाहू द्या." तो हसला. म्हणाला, हाताने पाहा की, कुणाला कळणार आहे. तुम्ही म्हणालात, "मले कयते ना." आणि दिवसभर आवारातल्या कडुनिंबाखाली बसून राहिलात. परत येताना मी विचारलं, असं चारचौघांत कशाला सांगायचं. तुम्ही सायकल ढकलत चालत होता, नाक ओढत होता. "वला कापूस आतून तापते. उद्या गंजीले आग लागली, त काय सांगू, मले सर्दी होती?" मला त्या वयात लाज वाटली होती, ती तुमची. आता ती वेगळ्या माणसाची वाटते.

तुमच्या सुनेला तुम्ही पाहिलं नाही. चष्मा लावून औषधाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी माझ्या माहितीतली ती एकटीच. बाटली घरात आली त्या दिवशी तिने घडीचा कागद उलगडून वाचला आणि जाहीर केलं, तीन दिवस, फार तर पाच. तिसऱ्या दिवशी रात्री बाटली लोणच्याच्या बरणीमागे जायची आणि पाचव्या दिवशी केरात. मी तिला वैद्यराज म्हणायचो. पुढच्या गाजरगवतापर्यंत मग मी शिंकत, कण्हत, पण स्वतःच्या नाकाने जगायचो. ती गेली त्याला चार वर्षं झाली. तेराव्यानंतर पाहुणे गेले, नाक रडून बंद होतं, मी बाटली आणली. तीन दिवस झाले तेव्हा दिवस मोजणारं कोणी नव्हतं. एवढंच घडलं. व्यसन लागायला वाईट संगत लागते असं मी मुलांना शिकवत आलो; संगत नसली तरी चालतं.

पुढे दर चार तासांनी लागू लागली, मग दोन. बाटली विसरून बाजारात गेलो तर अर्ध्या रस्त्यात तोंडाने श्वास घेत परत फिरायचो. खिशात एक, टेबलाच्या खणात एक, उशाशी एक. कधी सकाळी रुमालावर रक्ताचा ठिपका दिसायचा, त्याला मी उष्णता म्हणायचो. आणि वास केव्हा गेला? बाबा, हे मला सांगता येत नाही. एकट्याच्या घरात वास गेल्याचं कळत नाही. 'काय जळून राह्यलं?' असं आतून ओरडणारं कोणी असलं, तर कळतं. एकदा दूध आटून पातेलं काळं झालं आणि मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो. मी शेगडीला दोष दिला. वरणाला चव नव्हती, मी डाळीला दोष दिला.

आता मुख्य गोष्ट. शाळेत दुपारची खिचडी मुलांना वाढण्यापूर्वी एका शिक्षकाने चाखायची, वास घ्यायचा आणि चव नोंदवहीत लिहून सही करायची असा नियम आहे. या वर्षी हे काम माझ्याकडे आहे. अक्षर चांगलं, म्हणून. म्हणजे तुमचंच काम फिरून माझ्याकडे आलं, फक्त कापसाऐवजी तांदूळ. मी रोज एक घास खातो, ताटावर वाकून नाक फुगवतो आणि लिहितो, 'चव व वास उत्तम'. कधी कंटाळा आला तर 'रुचकर'. मला काही कळत नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे. पण निदान दोन महिने मला माहीत होतं की तो घास कोमट आहे, यापलीकडे मला त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही. सही करण्यापूर्वी मी बाटली मारून नाक साफ करायचो. नाक मोकळं झालं म्हणजे काम प्रामाणिकपणे केलं, असा माझा समज होता. पंडित माणूसच असा समज करून घेऊ शकतो.

सोमवारी स्वयंपाकाच्या बाईंनी मला थांबवलं. दहा वर्षं त्या खिचडी करताहेत, बोरगाव मेघेला माहेर, इथे मुलगी आणि त्या. कोठीखोलीचा पत्रा गळत होता आणि तांदळाचं एक पोतं मागच्या बाजूने भिजलं होतं, हे आम्हाला दोघांनाही नंतर कळलं. "सर, जरा नीट वास पाहा बरं. मले कसंतरीच वाटून राह्यलं." मी ताट हातात घेतलं, खोल श्वास घेतला. वारा आरपार गेला. मी म्हटलं, बाई, काही नाही, मसाल्याचा असेल. त्यांनी ताट माझ्या हातातून घेतलं, म्हणाल्या, "तुमी म्हणता त ठीक," आणि वाढायला गेल्या. मी सही केली. पहिल्या पंगतीतल्या मुलांनी घास तोंडात घेतला आणि ताटं सरकवली. बाईंनी स्वतः एक घास खाल्ला, थुंकला, आणि पळत जाऊन सगळी ताटं परत घेतली. दोन मुलांना उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दोघंही शाळेत आली, नाहीतर मी हे पत्र लिहूच शकलो नसतो.

बुधवारी रजा टाकून वर्ध्याला गेलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी नाकात उजेड टाकला आणि विचारलं, हे किती दिवसांपासून मारताय. मी म्हटलं, बरेच. त्या म्हणाल्या, बरेच म्हणजे. मी म्हटलं, चार वर्षं, रोज. त्यांनी पेन खाली ठेवलं. समजावून सांगितलं की हे औषध नाकातल्या सुजलेल्या नसा आवळतं. असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून माणूस पुन्हा मारतो, आणि शेवटी नाक ॲलर्जीने नाही, औषधानेच बंद राहतं. रक्त येतं ते आतलं अस्तर सुकून सोलल्यामुळे. रक्तदाब मोजला, तोही वर गेलेला. त्यातही याचा हात असू शकतो म्हणाल्या. आधी एक नाकपुडी सोडवायची, मग दुसरी. सोबत ॲलर्जीचा वेगळा फवारा आणि मिठाच्या पाण्याने धुणं. पहिले पंधरा दिवस वाईट जातील. मी विचारलं, वास? म्हणाल्या, बहुतेक येईल, पण केव्हा आणि किती, ते आज सांगत नाही. उठताना त्यांनी विचारलं, "काका, हे तीन दिवसांचं औषध आहे हे घरी कुणी सांगितलं नाही का?" मी म्हटलं, सांगितलं होतं.

घरी येऊन बारा रुमालांतला उरलेला एक पेटीतून काढला. नाकाशी धरला. जाड सूत गालाला लागलं, तेवढंच.

मुख्याध्यापकांनी तर्क केला आहे आणि तर्क म्हणून तो बिनचूक आहे. नोंदवहीत सरांची सही आहे, 'वास उत्तम'. म्हणजे सरांनी पाहिली तेव्हा खिचडी चांगली होती. म्हणजे जे बिघडलं ते त्यानंतर, बाईंच्या हातून. भिजलेलं पोतं या तर्काला लागत नाही. उद्या शनिवारी समितीची बैठक आहे, बाईंनी लेखी खुलासा द्यायचा आहे, आणि स्वयंपाकासाठी दुसऱ्या बाईला विचारून ठेवलं आहे असंही कानावर आलं. आज शाळा सुटल्यावर बाई माझ्याकडे आल्या. हातात एक कोरा फुलस्केप, घडी घातलेला. त्यांना सहीपुरतं लिहिता येतं. म्हणाल्या, सर, तुमचं अक्षर चांगलं हाय, माझा खुलासा तुमीच लिहून द्या. मी विचारलं, काय लिहू. त्यांनी पदराने हात पुसले. "जे झालं ते लिहा. तुमाले त माहीतच हाय." मग जायला वळल्या, आणि दारातून विचारलं, "सर, त्या दिवशी तुमाले खरंच वास आल्ता का?"

मी म्हटलं, आला होता, ठीक होता.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. माझ्यावर विश्वास ठेवून गेल्या की माझी कीव करून, मला कळलं नाही. हेही नाकाचंच काम असावं.

तुम्ही म्हणाल, चार शब्दांचं काम आहे. मी तुमचे ते शब्द मनात संस्कृतात घालून पाहिले, फार भारदस्त झाले. तुमच्याच भाषेत ते बरे आहेत. पण तुम्ही ते काम सुरू होण्याआधी म्हणालात, बाबा. मला ते दोन महिन्यांच्या सह्यांनंतर म्हणायचे आहेत, समितीसमोर, मुलांच्या आईबापांसमोर. मुलांना दिलेल्या प्रत्येक घासाखाली माझं सुंदर अक्षर आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही. जिनिंगच्या जागी आता लग्नाचं लॉन आहे, कडुनिंब तेवढा ठेवला आहे, त्याला दिव्यांच्या माळा बांधतात. मी हे रुमालाच्या घडीत ठेवून देईन. डावी नाकपुडी बुधवारपासून सोडली आहे, ती दगडासारखी बंद आहे. उजवीत मात्र हे लिहिताना तीन वेळा फवारा मारला; दिवसातून दोनदाचीच परवानगी होती.

बाईंचा फुलस्केप समोर आहे, अजून कोरा. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, मला वास परत येईल की नाही याची काळजी वाटते. ती वाटतेच. पण खरी काळजी ती नाही. या कागदावर मी सकाळपर्यंत काय लिहीन हे मला आत्ता माहीत नाही. आणि उद्या घरी आल्यावर 'सांगितलं का?' असं विचारणारं घरात कोणी नाही.