लाखोळीच्या डब्यातली बाटली

आई, जयभीम.

लाखोळीच्या डाळीत तुमाले माझी गोळ्यांची बाटली सापडली. सुनेले लेकरू नको हाय, असं समजून तुम्ही साकोलीले पोरीच्या घरी निघून गेल्या. मी बाटली परत त्याच डब्यात ठेवली.

तुमच्या मुलाले एचआयव्ही हाय. लग्नानंतर तपासणीत समजलं. औषध चालू हाय, तब्येत चांगली हाय. मले लागण नाही. होऊ नये म्हणून मी रोज ती गोळी घेतो. दवाखान्यात एचआयव्हीच्या खोलीपुढं उभी दिसली असती, तर गावभर झालं असतं. आता ती गोळी कुटुंब नियोजनाच्या खोलीतच भेटते. तिथं तर साऱ्याच बाया जातात.

सिस्टर म्हणते, दोघंही औषध चुकवू नका, मंग लेकराचं पाहू. म्हणजे ज्या गोळीपायी तुम्ही घर सोडलं, ती नातवासाठीच हाय.

तुमच्या मुलानं मले शपथ घातली, आईले सांगशील नको. म्हणून मी सांगत नाही, पत्रही धाडत नाही. बाटलीखाली त्याच डब्यात ठेवून देतो.

बोल लावायचे तर घरी येऊन लावा. आणि आल्यावर डाळ तुम्हीच काढा.

तुमची सून,
मनाली