गुरुवारी आलेला नाताळ

बोनकोडे,
शनिवार, २६ डिसेंबर

तीर्थस्वरूप निकेशदादास श्रुतीचा नमस्कार. (नमस्कार वयाला आहे, वागणुकीला नाही.)

तुझी प्रकृती ठणठणीत असावी. तू पाठवलेल्या सात फोटोंपैकी पाचांत तुझ्या हातात गरम वाईनचा कप आहे आणि मागे दिव्यांनी मढवलेलं झाड, त्यावरून हा अंदाज. इकडे आई-आप्पा बरे आहेत. तुझी बायको कशी आहे हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून ते शेवटी सांगते. कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर अडचणीचा विषय निघाला की तुला ऐकू येईनासं होतं.

तर तुझ्या हुकमाबद्दल. कंपनीने मशीन बसवायला तुला सहा आठवडे जर्मनीला धाडलं, बायकोला न्यायची सोय नाही असं सांगून तू निघालास, आणि विमानतळावरून मला चार मिनिटं बारा सेकंदांचा निरोप ठेवलास, की लेंकाचा इथला हा पहिलाच नाताळ आहे, तिच्या चेक देशातल्या गावात करतात तसा करा, तिला घरची आठवण यायला नको. (तिच्या गावापासून सहा तासांच्या अंतरावर तू स्वतः निघाला होतास, हे मला तेव्हा सुचलं नाही याची लाज वाटते.) मासा जिवंत आणून बाथरूममध्ये ठेवायचा. चोवीस तारखेला दिवसभर उपास. संध्याकाळी जेवताना एक ताट जास्तीचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही, कारण मध्येच उठणारा पुढच्या नाताळाला त्या घरात नसतो. आणि लग्न न झालेल्या मुलीने दाराकडे पाठ करून चप्पल मागे फेकायची. मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर आहे, सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करते. पण माशाचं पुढे काय करायचं ते तू सांगितलंच नाहीस. निम्मी सूचना देऊन निघून जायची तुझी खोड जुनी आहे.

मासा हवा होता गोड्या पाण्यातला, आपल्या कटल्याच्या भावकीतला. जिने तीस वर्षं कोपरखैरण्याच्या बाजारात खाडीचा आणि समुद्राचा मासा विकला, त्या आईला सुनेसाठी तळ्यातला मासा विकत घ्यावा लागला, तोही आपल्याच गाळ्यासमोर टबात जिवंत मासे विकणाऱ्याकडून. तिने तोंडावर पदर घेतला होता, तरी बाजारातल्या बायकांनी ओळखलंच आणि घरात कोन आजारी हाय का म्हणून विचारलं. आपल्याकडे बाथटब नाही, म्हणून दोनशे लिटरचं निळं पिंप घेतलं. मी त्याला हवेचा पंप लावला आणि दिवसातून तीनदा पाण्याचं तापमान लिहून ठेवलं. (चोवीस अंश. या महिन्यात घरातल्या ज्या जिवाची नियमित चौकशी झाली, तो हा मासा.)

मासा पोहायला लागल्यावर आईने कॅलेंडर पाहिलं. चोवीस तारखेला मार्गशीर्षातला गुरुवार. म्हणजे आईचा उपास, घट मांडलेला, घरात मासा शिजणं शक्य नाही. घट असलेल्या घरात मासा नुसता असलेला तरी चालतो का, असा मुद्दा आप्पांनी काढला. आईने नारळ पुसता पुसता निकाल दिला, "जिता हाय तवर पावना, मेला का म्हावरा." प्रश्न मिटला, पण पुढची सूचना नसल्यामुळे तिने अशी समजूत करून घेतली की हे लोक माशाची पूजाच करत असणार, आणि घटाबरोबर पिंपालाही हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. लेंकावहिनी आंघोळीला गेली ती हसत बाहेर आली. (तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मी लक्ष ठेवून होते.) हा तळून खायचा असतो असं तिने सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पावन्याला?"

उपास मात्र झकास जुळला. सासूसुना दोघी उपाशी, निरनिराळ्या देवांसाठी. वहिनीच्या गावी दिवसभर काही खाल्लं नाही तर संध्याकाळी भिंतीवर सोन्याचं डुकराचं पिल्लू दिसतं म्हणे. कुणाला काय दिसेल ते दुसरीला सांगायचं असं दोघींनी ठरवून टाकलं. चपलेचा विधी खरं तर जेवणानंतरचा, पण आईला धीर धरवेना. माझी चप्पल आप्पांच्या पायाशी पडली, टोक दाराकडे, म्हणजे वर्षात लग्न. नाताळ म्हणजे काय हे जिला कालपर्यंत ठाऊक नव्हतं, तिचा या एका कलमावर तत्काळ विश्वास बसला आणि दहा मिनिटांत तिने मला नावड्याच्या एका मुलाचा फोटो दाखवला. याबद्दल मी तुझ्याशी वेगळं भांडणार आहे.

मग जेवायला बसलो. पुरणपोळी आणि वहिनीचं बटाट्याचं सॅलड, गुरुवार म्हणून कांद्याअंड्याविना. माणसं चार, ताटं पाच. आणि पाहुणी खरंच आली. तुझ्याबरोबर गेलेल्या हितेशची आई, खांदेश्वरच्या चारुलताकाकू, हळदीकुंकवाला. वहिनीचा चेहरा बघायला हवा होतास. तिच्या माहेरी जन्मभर ते ताट मांडलं जातं आणि आजवर त्यावर कुणी येऊन बसलेलं नाही. तिने काकूंना हाताला धरून बसवलं, स्वतः वाढलं. काकू पोळी मोडत सहज म्हणाल्या, "आमची सून भावना मजेत आहे हो तिकडे, हितेशबरोबर. कंपनीने बायकांचीही तिकिटं दिली ना. तुमच्या निकेशने मात्र लिहून दिलं म्हणे, आमची येणार नाही म्हणून."

वहिनी आईकडून मराठी शिकली आहे. तिला सगळं कळतं, आणि बोलते ती आईच्याच बोलीत. ती उठली. ताटात अर्धी पोळी होती. आईने तिचं मनगट धरलं, "बस गो, पानावरशी उठू नको."

"मना म्हावरा नको व्हता, आई," ती म्हणाली. "मना निकेशचे बाजूला बसून जेवाचा व्हता." आणि आत गेली. नियम तिचाच होता, तो काय आहे हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

का केलंस ते मला कळलं आहे. तुला भीती वाटली, की तिकडची हवा लागली तर ती परत यायची नाही. जी मुलगी अकरा महिने आपल्या खुशीने बोनकोड्यात राहिली, बाजारात आईच्या शेजारी बसून कोळंबी सोलायला शिकली, तिला तू न विचारता कोंडून ठेवलंस, आणि पहाऱ्यावर मला नेमलंस, वर सजावटही माझ्याकडूनच करून घेतलीस. मासा शुक्रवारी आप्पांनी गावच्या तळ्यात सोडला. त्याचा निर्णय लवकर झाला.

मला तुझ्याकडून काहीही नको. खुलासा नको, चॉकलेट नको. आईचे आशीर्वाद. (तिने दिलेले नाहीत, रीत म्हणून लिहिले.)

श्रुती

ता. क. वर 'काहीही नको' लिहिलं ते रागात. एक गोष्ट हवी आहे, ती सर्वांत खाली आहे.

ता. क. २. शनिवारी लिहिलेलं पत्र सोमवारी जर्मनीत कसं पोचलं, हे तुला दार उघडल्यावर कळलं असेलच. ज्या हाताने ते तुला दिलं, त्या हाताला मराठी वाचता येत नाही, म्हणून सगळं पत्र मी तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी शब्द मऊ कर म्हणाली. केले नाहीत.

ता. क. ३. तिच्याकडे परतीचं तिकीट नाही. मी काढत होते, तिने थांबवलं. तिथून बोनकोड्याला यायचं की माहेरी तिच्या आईकडे जायचं, हे ती तुझं वाचून झाल्यावर ठरवणार आहे. आत्ता ती समोर बसून तुझ्या तोंडाकडे बघत असेल. पत्र संपलं, दादा. मान वर कर आणि तिच्याशी बोल.