रिपोर्टात पहिली होडी कोणाची

मंगळवार, सांजवेळ

व्हय, माझ्या सुनेनंच, कवितानंच केलाय तो रिपोर्ट! आज भेटेल त्याला हेच सांगितलं. कुठल्या होडीनं किती मासळी आणली, ते आता मच्छीमार सोसायटीच्या कम्प्युटरवर दिसतं नि घरबसल्या मोबाईलवर पण.

सकाळी मात्र राडा झाला. होड्यांची नावं अक्षरांप्रमाणं लागली, नि पाटलांची ‘हेरंब’ पार तळाला! नारळी पुनवेला दर्याला पहिला नारळ वाहायचा मान त्यांचा. म्हातारे पाटील तापले, "बंद करा हे!" आता रिपोर्ट बंद म्हणजे कविताची नोकरी बंद. मग ती मुंबईला काम बघणार.

मी म्हटलं, "पाटीलभावोजी, रिपोर्टाला पण नारळ वाहता काय?" सगळे हसले, पाटील अजून भडकले. बोलायला नको होतं का मी? पण तोंड आवरत नाय.

कविता काम करत राहिली. दुपारी दाखवलंन, जो आपल्या मोबाईलवर रिपोर्ट उघडेल, त्याला आपलीच होडी पहिली दिसणार! पाटील पहिला नंबर दाखवत गावभर फिरले. बाकीचे पण फिरले!

काय डोकं हाय पोरीचं! छाती फुगली माझी. पण खरं लिहिते, मला रिपोर्टाचं काय पडलं नव्हतं. ती मला सोडून जाऊ नये, एवढंच हवं होतं.