भुऱ्या खाली बसायला शिकला

लातूर,
सोमवार

प्रिय अहो,

पत्राची सुरुवात ‘प्रिय’नं करायची असते म्हणून केली. मनात काय आहे ते पुढं वाचा, आणि अहमदपूरच्या कचेरीत चारचौघांसमोर वाचू नका. तोंड लपवायला जागा सापडणार नाही.

तुमच्या पत्रात सगळ्यात आधी सोफ्याची चौकशी. कुत्रं परत चढायला लागलं का, रेक्झिनवर नखं उमटली का, सोफ्याच्या पाठीवरचे पांढरे डाग निघाले का. अप्पांचं नाव शेवटच्या ओळीत, तेही ‘ती. अप्पांना नमस्कार’ एवढंच. जन्मदात्या बापापेक्षा सोफा थोर. तर ऐका, भुऱ्या आता सोफ्यावर चढत नाही. कसा शिकला तेही ऐका.

लातूर जिल्हा झाला, तुम्हाला नव्या कचेरीत खुर्ची मिळाली आणि आपल्या दोन खोल्यांत चालायला वाट उरली नाही एवढा सोफा आला. यंदा गावची विहीर आटली तेव्हा अप्पा आले आणि त्यांच्या मागोमाग भुऱ्या. गावाकडं तो रांजणाखालच्या ओलीत पडून राहायचा. इथं कुठली ओल? सांडलेलं पाणीसुद्धा मी फडक्यानं टिपून घेते. तेव्हा त्याला गार लागायचं ते रेक्झिन, आणि त्यावर अप्पा बसलेले, म्हणून तो चढायचा. टँकरच्या कामावर अहमदपूरला निघताना तुम्ही मला बजावलंत, साहेब घरी येणार आहेत, त्याआधी कुत्र्याला शिस्त लागलीच पाहिजे.

लावली मी शिस्त. पेपरची सुरळी आपटली, बाभळीचे काटे मांडले, घसा बसेपर्यंत ‘खाली उतर, खाली उतर’ ओरडले. त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला अप्पा बसलेले असायचे, याचं मला मेलीला भानच नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, “सूनबाई, त्याला तुझी मराठी कळंना. जल्मापासून कानडीच ऐकलंय त्यानं. थांब, मी शिकवतो.”

त्यांची रीत साधी होती. ‘इळि’ म्हणायचं, म्हणजे खाली उतर, आणि आधी आपण उतरायचं. गुडघे धरत, सोफ्याच्या हातावर रेटा देत अप्पा फरशीवर बसायचे, की भुऱ्या उडी मारून त्यांच्या मांडीशी. अप्पा परत वर बसले की तोही वर. मग अप्पांनी वर बसणंच सोडलं. पंधरा दिवसांत कुत्रं शिकलं. मी शेजारच्या विमलवहिनींना ते कौतुकानं सांगून आले. आज लिहिताना लाज वाटते.

साहेब आले तेव्हा तुम्ही घरी होतात. अप्पा दाराशी, खाली. साहेबांनी त्यांना गडी समजून पाणी मागितलं. अप्पांना उठायला किती वेळ लागला ते तुम्ही बघत होतात. पाणी दिलं त्यांनी. साहेबांनी विचारलं, हे कोण? आणि तुम्ही म्हणालात, “गावाकडचे आहेत.” गावाकडचे! तेच नाक, तेच कपाळ, आणि गावाकडचे? कुठल्या तोंडानं म्हणालात? मी आत चहा गाळत होते, सगळं ऐकलं आणि बाहेर आले नाही. तो माझा गुन्हा, त्याचं मी बघेन.

तुम्ही परत गेल्यावर सोफा पुसायला घेतला. पाठीवर एक पांढरा डाग राहिला होता, तुम्ही कुत्र्याचा म्हणून खेकसला होतात तसलाच. बोटाला लागला तो वास घेऊन पाहिला. विभूती होती. लिंगपूजा उरकून, मानेवर विभूतीचे पट्टे तसेच घेऊन अप्पा तिथं मान टेकून बसायचे. रोज अंघोळ झाली की स्वतः विभूती लावणाऱ्या माणसाला ती ओळखू येऊ नये? आणि महिनाभर ते डाग पुसणाऱ्या मलाही? तो एवढा एक डाग मी ठेवलाय. पुसणार नाही.

परवा अप्पा गावी परत गेले. “हितं न्हाई करमत, भुऱ्यालाबी न्हाई,” एवढंच बोलले. कंडक्टर कुत्र्याला घेईना, तर त्या वयात कडब्याच्या ट्रकवर चढून गेले. ज्या गावात टँकर तिसऱ्या दिवशी जातो, त्या गावात. मी हे पत्र लिहितेय ते एवढ्यासाठी, की रविवारी तुम्ही घरी येऊ नका. दार उघडणार नाही. सरळ गावी जा. अप्पा खालीच बसलेले असतील. त्यांची समजूत घालू नका, कारणं सांगू नका. त्यांच्या मांडीशी जमिनीवर बसा, आणि ते उठेपर्यंत उठू नका. भुऱ्याला पंधरा दिवसांत जमलं.

अजून तरी तुमचीच,
गौरम्मा